उगाच नावाचं शिखर

रविवार, ७ एप्रिल

बरेच दिवस वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. उठले, चहा केला, एकच कप केला, दिवस गेला. हे रोज काय लिहायचं? आज मात्र घडलं. सुतार आला होता.

सुतार म्हणजे ह्यांचा जुना मित्र. खराच सुतार. आमच्या स्वयंपाकघरातली फडताळं त्याच्याच हातची. हे, सुतार आणि शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर, असे तिघं दर उन्हाळ्यात एक दिवस डोंगरावर जायचे. उजाडता उजाडता चढायला लागायचं, एकाच धारेवरची चार शिखरं एकामागून एक करायची आणि पलीकडच्या गावात उतरून संध्याकाळच्या बसनं घरी. आमच्या लग्नाआधीपासूनचा नेम. आयुष्यभर ह्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, लोकांना उभ्या उभ्या वर पोचवलं आणि स्वतःला सुट्टी मिळाली की पायी वर जायचं! आल्यावर बूट गॅलरीत ठेवायचे, आंघोळ करायचे आणि म्हणायचे, "छान झालं." झाला वृत्तांत.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. गेले तेही हाक न मारता, झोपेत.

सुतार दारातच उभा राहिला. करवतीच्या यंत्रापाशी राहून राहून त्याचा एक कान पार गेलाय, म्हणून मी जरा मोठ्यानं म्हटलं, "आत या की."

"ऐकू आलं वहिनी. बूट घाण आहेत. सांगून जातो. यंदाही जाणार आहोत आम्ही, मेच्या तिसऱ्या रविवारी. तुम्ही येता का?"

मला हसूच आलं. "मी? भाजी घेऊन येताना मी मध्ये दोनदा कठड्यावर टेकते, भाऊजी."

"मग अजून वेळ आहे की," तो म्हणाला. "जिने चढा."

आणि चहाही न घेता गेला.

मास्तरांच्या बायकोनं सुचवलं असणार. एकट्या पडल्यात, न्या जरा. दया आली की लोक आधी जेवायला बोलावतात. या दोघांनी थेट डोंगरावरच बोलावलं. जायचं नाही. इतक्या वर्षांत ज्याचा डोंगर त्यानं कधी "येतेस का" म्हणून विचारलं नाही, आता त्याच्या माघारी कशाला?

रविवार, १४ एप्रिल

रविवार म्हणजे मुलाचा फोन. "जेवलीस?" "जेवले. तू?" "हो." "तब्येत?" "बरी आहे." मग तो म्हणतो, "चल, ठेवतो, तू आराम कर." कसला आराम? मी दिवसभर दुसरं करते काय!

आज विचारलं, "सूनबाई कुठंय?" म्हणाला, बाहेर गेलीय. गेल्या रविवारीही बाहेरच होती. हौशी आहे पोरगी, फिरू दे. पण एक गोष्ट कानाला खटकली. त्याचा आवाज घुमत होता. मोकळ्या हॉलमध्ये बोलल्यासारखा. आयुष्य इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डवर काढल्यामुळे मला पलीकडची खोलीसुद्धा ऐकू येते. वॉर्डातून बोलतायत की जिन्यातून की साहेबांच्या केबिनमधून, ते मी "हॅलो"वरून ओळखायचे. मुलाच्या घरी बहुतेक रंगकाम काढलंय, सामान हलवलंय. सांगायला काय होतं? पण तोही बापावर गेलाय. तोंडाला कुलूप.

आणि हो. आज मी जिना चढले. फक्त बघावं म्हणून. आमच्या मजल्यापर्यंत पोचेतो छातीत भाता चालू होता.

मंगळवार, २३ एप्रिल

रोज चढते आहे. शेजारीण जिन्यात भेटली. "लिफ्ट बंद आहे का हो?"

"नाही, चालू आहे."

"मग?"

काय सांगणार? म्हटलं, सवय नको लागायला. तिनं मान हलवली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू नवरा गेल्यापासून हिचा एक स्क्रू ढिला झालाय.

सुतारला फोन करून "येते" म्हणून सांगितलं. 

मंगळवार, ३० एप्रिल

कपाट आवरताना ह्यांचा छोटा रेडिओ सापडला. सेल घातले तर लागला.

मला तो चालू बघायची सवयच नाही. मी ड्यूटीवरून यायचे, दाराबाहेर उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधायचे तेव्हा आतून गाणं ऐकू यायचं. किल्ली फिरली की गाणं बंद. वाटायचं, मी आले की ह्यांचा मूड जातो. मुलगा लहान होता तेव्हा बापलेक टीव्हीचा आवाज बंद करून सामने बघायचे. गोल झाला की तोंडावर हात ठेवून दोघं सोफ्यावर उड्या मारायचे, मुक्या माकडांसारखे. मी आतून ओरडायचे, हे घर आहे की वाचनालय?

दिवसभर माझ्या कानात अख्खं शहर बोलायचं. रडणारी माणसं, शिव्या देणारी, डॉक्टर कुठे म्हणून जीव टाकणारी. सगळ्यांना जोडून द्यायचे आणि घरी यायचे तर घरात पिन पडली तरी ऐकू यावी. शेजारचं जोडपं भांडायचं ना, तेव्हा मला हेवा वाटायचा. निदान बोलतात तरी. सासरेही असेच घुमे होते. त्यांच्या रक्तातच आहे म्हणून मी सोडून दिलं. वाईट नव्हते हो हे. कधी आवाज चढवला नाही, कधी दार आपटलं नाही. घरात मोज्यांवर चालायचे. इतकं शांत माणूस, की गेल्यावर घरात फरक काय पडला असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण पडलाय.

रेडिओ बंद करून परत ठेवला. दुसऱ्याची वस्तू हाताळल्यासारखं वाटलं.

गुरुवार, ९ मे

नवे बूट घेतले. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, कुठे चाललात?" आजी! म्हटलं, चार शिखरं करायला. तिनं निमूटपणे जाड मोजे पण दिले.

संध्याकाळी मास्तर येऊन गेले. मास्तर म्हणजे बोलका माणूस, नकाशा टेबलावर पसरून त्यांनी मला सगळा रस्ता शिकवला. पहिलं शिखर टकल्या, कारण वर गवताचं पातं नाही. मग दोन जुळ्या. आणि शेवटचं उगाच.

"उगाच?"

"नावच तसं पडलंय आमच्यात. वाट त्याच्या खालून सरळ गावात उतरते. वर जायची काही गरजच नाही. पण तुमचा नवरा पहिल्या वर्षापासून हटून बसला, मी जाणार. आम्ही म्हटलं, का? तर म्हणाला, उगाच. तेव्हापासून तेच नाव."

मास्तर पोट धरून हसले. मीही हसले, पण मनातून चुकचुकले. ह्यांनी विनोद केला? आमच्या ह्यांनी?

शनिवार, १८ मे

पिशवी भरली. ब्रेड, उकडलेली अंडी, सफरचंदं, पाणी. पुन्हा काढून पुन्हा भरली. गुडघ्याला मलम चोळलं. मुलाला सांगितलं नाही, उगीच काळजी करेल. किंवा करणार नाही. दोन्हीची भीती वाटते.

खरं सांगायचं तर, उद्या पाऊस यावा आणि सगळं रद्द व्हावं असं वाटतंय. आकाश स्वच्छ आहे.

सोमवार, २० मे

अंग असं दुखतंय की पेन धरायलाही मांडीवर उशी घेतलीय. तरी सगळं लिहून काढते.

काल उजाडायला आम्ही पायथ्याशी होतो. मास्तर पुढे, मी मध्ये, सुतार मागे. पहिला तासभर मला वाटत होतं, इथेच बसावं आणि या दोघांना म्हणावं, जा तुम्ही, येताना घेऊन जा. चढ असा की नाक गुडघ्याला लागावं. मास्तर दर वळणावर थांबून एखाद्या दगडाची माहिती द्यायचे. माझ्या दमासाठी थांबतायत हे माझ्या लक्षात येऊ नये म्हणून. आलं माझ्या लक्षात.

टकल्यावर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच अंगाला लागत होतं. खाली ढग, वर निळं, मध्ये आम्ही. मी आयुष्यात इतक्या उंचावर इतकी उघडी उभी राहिले नव्हते. मास्तरांनी थर्मासमधला चहा पत्र्याच्या पेल्यात ओतला आणि म्हणाले, "इथे तो पहिलं गाणं म्हणायचा."

"कोण?"

"कोण काय? तुमचा नवरा! बेसूर. पण सगळी कडवी पाठ."

सुतार म्हणाला, "आणि सगळ्यांच्या नकला. तो एक लिफ्टमध्ये अडकलेला शेठ करायचा, आठवतो ना, जो आत बसून म्हणतो, आधी मला सांगा जबाबदार कोण?"

दोघं हसता हसता वाकले. मी पण दात दाखवले. असं वाटत होतं की हे भलत्याच कुणाबद्दल बोलतायत, चुकून दुसऱ्याच माणसाच्या बायकोला घेऊन आलेत. पुढे जुळ्यांच्या धारेवर तेच. या खडकावर तो असं म्हणाला, त्या घळीत त्यानं तसं केलं. दर वळणाला एक किस्सा. दोन्ही जुळ्यांवर मी पोचले, पाय थरथरत होते, वारा पदर ओढत होता, चहूबाजूंनी डोंगरच डोंगर पसरलेले. आणि माझ्या मनात एकच. मला का नाही? एवढं सगळं होतं तर त्यातलं चिमूटभर मला का नाही दिलं? घरी आल्यावर नुसतं "छान झालं"?

रडू आलं. वाऱ्यानं डोळ्यात पाणी येतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

दुपारी जुळीवरून उतरताना मास्तरांचा गुडघा मुरगळला. खिंडीत पोचले ते काठीवर भार देत. तिथून वाट डावीकडे गावात उतरते आणि उजवीकडे समोरच उगाच उभा. "मी इथे सावलीत बसतो," मास्तर म्हणाले. "तुम्हीही बसा. यंदा नाही गेलो तर तो काही रागावणार नाही."

सुतारनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी जाते." का म्हटलं ते विचारू नये. मला वर जायचं नव्हतं, मला राग आला होता.

सुतार माझ्याबरोबर आला. वर जाणारी वाट नाहीच, नुसतं गवत आणि सुटे दगड. एका बाजूला सरळ कडा. माथ्यावर जेमतेम चौघं बसतील एवढी जागा. बसलो, सफरचंद चिरलं आणि बघता बघता खालचा ढग उठून वर आला. आधी जुळ्या गेल्या, मग खिंड, मग माझ्या बुटांच्या पुढचं गवत. सुतार म्हणाला, "हलायचं नाही. जाईल तो." गार वारा सुटला होता. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो.

ढग काही जाईना. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "वहिनी, कान कसे आहेत आता तुमचे?"

"माझ्या कानांना काय झालंय? कान तर तुमचा गेलाय."

"नाही, पूर्वी त्रास व्हायचा ना. आवाज सोसायचा नाही. तो सांगायचा."

"काय सांगायचे?"

सुतार माणूस कमी बोलणारा. एक एक वाक्य रंधा मारल्यासारखं काढत होता. "इथे आला की सुटायचाच. आम्ही म्हणायचो, अरे चढ आहे, जरा दम खा. तर म्हणायचा, बोलू द्या रे, वर्षभराचं साठलंय. घरी बोलत नाही मी. म्हणायचा, तिच्या कानात दिवसभर अख्खं गाव ओरडत असतं. लग्न झाल्या झाल्याच ती म्हणाली होती, घरी तरी माझ्या कानांना विश्रांती असू दे. मग मी ठरवलं. मास्तर त्याला म्हणायचे, अरे ती एखाद्या दिवशी दमून म्हणाली असेल. तर म्हणायचा, नाही, तिनं हात जोडले होते."

  मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही. म्हटलं असेन. नवीन नोकरी होती, दिवसभर कानाला ते यंत्र दाबलेलं असायचं, डोकं भणभणायचं. एखाद्या संध्याकाळी म्हटलं असेन आणि जेवून झोपले असेन आणि सकाळी विसरलेही असेन. ते नाही विसरले.

"तुम्हाला माहीत होतं असं वाटलं मला," सुतार म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

तेवढ्यात मला टणटण ऐकू आलं. अगदी पुसट. धातूवर धातू. मी म्हटलं, "मास्तर पेला वाजवतायत."

"मला नाही येत ऐकू."

"येतोय. त्या बाजूनं."

"नक्की? वहिनी, एका कानाच्या माणसाला आवाज कुठून येतो ते कळत नाही. आणि चुकीच्या बाजूला कडा आहे."

हे तो अगदी साधं बोलल्यासारखं बोलला.  ढग आणखी दाट होत होता, अंगावरचे कपडे ओले झाले होते, आणि असंच बसून राहिलो असतो तर अंधार पडेपर्यंत बसावं लागलं असतं. मी डोळे मिटले. वारा, माझा श्वास, सुतारच्या जाकिटाची सळसळ. ते सगळं बाजूला केलं. बोर्डवर एकाच वेळी सतरा माणसं बोलायची तेव्हा करायचे तसं. टणटण उजवीकडून येत होती. नक्की उजवीकडून.

"माझ्या पिशवीचा पट्टा धरा," मी म्हटलं. "आणि मी थांबले की थांबा."

उतरलो. बसून, सरकत, हातानं दगड चाचपत. थोडं उतरायचं, थांबायचं, ऐकायचं. एकदा आवाज थांबला. मास्तर दमले असतील.  मी ओरडले, "मास्तर! वाजवा!" आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते. बोर्डवर आवाज चढवायचा नाही हा नियमच होता. पुन्हा ओरडले. मग आणखी. आणि नुसतं वाजवा म्हणूनच ओरडत राहिले का, ते मला सांगता येणार नाही. मधलं काहीबाही ह्यांना उद्देशून होतं. सुतारला ते ऐकू आलं नसावं. किंवा आलं असेल, बोलला नाही.

पेला पुन्हा वाजायला लागला. खिंडीत पोचलो तेव्हा मास्तर उभे होते, दुखऱ्या पायावर, चेहरा पांढराफटक. हातातला पेला पार चेपला होता. "बावळटांनो!" ते म्हणाले आणि खाली बसले.

तिघंही वाटेनं हळूहळू गावात उतरलो. बसमध्ये मास्तर झोपून गेले. सुतार खिडकीबाहेर बघत राहिला. उतरताना मला म्हणाला, "मी नको होतं सांगायला."

मी त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन म्हटलं, "बरं झालं सांगितलंत."

बरं झालं की नाही, मला माहीत नाही.

गुरुवार, २३ मे

पायाचं दुखणं उतरलं. बाकीचं नाही.

दिवसभर घरात बसून मागचं सगळं पुन्हा ऐकतेय. किल्ली फिरली की बंद होणारा रेडिओ. तोंडावर हात ठेवून मारलेल्या उड्या. मी त्याला घुमेपणा म्हणत होते. ते माणूस जन्मभर माझ्यासाठी गप्प बसलं आणि मी जन्मभर वाट बघितली, आता काही बोलतील म्हणून. एकानं जरी विचारलं असतं. दोघांपैकी कुणीही.

आता कुणावर चिडू? मास्तरांकडे जाऊन त्यांच्या गुडघ्याची चौकशी करून आले. त्यांच्या बायकोला विचारलं, मला बरोबर न्यायची कल्पना तुमची का हो? ती म्हणाली, छे, सुतारची. त्यानंच मास्तरांच्या मागे धोशा लावला होता, तो नाही तर ती तरी येऊ दे म्हणून.

रविवार, २६ मे

मुलाचा फोन आला. "जेवलीस?" म्हणाला.

मी म्हटलं, "जेवले. मी गेल्या रविवारी डोंगरावर गेले होते." आणि सांगायलाच लागले. टकल्या, जुळ्या, मास्तरांचा गुडघा, ढग, पेला. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तो पलीकडे काहीच बोलत नाहीये.

"आहेस ना रे?"

"आहे. आई, तू इतकी बोलतेस फोनवर? तुला त्रास होत नाही?"

"मला कसला त्रास?"

"बाबा सांगायचे. आईला फोनवर फार बोलायला लावू नकोस, तिचं सगळं आयुष्य फोनवर जातं. कामाचं तेवढं बोल आणि ठेव."

मी खुर्चीवर बसले. "अरे, मी रिटायर होऊन किती वर्षं झाली!"

"हो. पण त्यांनी कधी सांगितलं नाही की आता बोललं तरी चालेल."

आम्ही दोघंही एकदम हसलो आणि एकदमच थांबलो. मग मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुझी खोली अजून घुमतेय रे. रंग झाला नाही का?"

"कसला रंग?"

"मला वाटलं रंगकाम काढलंय. सामान हलवलेलं ऐकू येतं ना."

 मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी ताप आला की असाच तोंडानं श्वास घ्यायचा.

"ती गेलीय आई," तो म्हणाला. "बाबा गेले त्याच्या थोडं आधीच. दिवसांना आली होती ती फक्त तुझ्यासाठी. अर्धं सामान तिचं होतं, घेऊन गेली. भांडण असं काही नाही झालं. ती म्हणाली, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे एकटं राहण्यासारखंच आहे."

मी इतक्या रविवारी ती रिकामी खोली ऐकली होती. स्वच्छ ऐकली होती. आणि रंग म्हणून सोडून दिलं.

"मी येते," मी म्हटलं.

"अगं, नको, मी ठीक..."

"तुला विचारत नाहीये. सांगतेय."

शनिवार, १ जून

मुलाच्या घरी.

बसस्टँडवर आला होता. गळ्याशी शर्ट मोठा होतोय त्याला. माझी बॅग घेतली, "प्रवास?" म्हणाला. "बरा झाला," मी म्हटलं. घरापर्यंत तेवढंच. जुनी सवय अशी एका दिवसात थोडीच जाते.

हॉलमध्ये एक खुर्ची, एक दिवा, जमिनीवर ठेवलेला टीव्ही. भिंतीवर जिथे कपाट होतं तिथे फिकट चौकोन. स्वयंपाकघरात एकच भांडं आणि त्यातच चमचा. मला काहीतरी आवरायला घ्यावं, भांडी लावावीत, झाडू मारावा असं फार वाटलं. हात शिवशिवत होते. पण बसले. मला खुर्ची दिली, तो खिडकीच्या कट्ट्यावर टेकला.

मी विचारलं, "तुमची भेट कुठे झाली होती रे पहिली? मला कधी सांगितलंच नाहीस."

तो बाहेर बघत राहिला. मला वाटलं, नाही सांगणार. मग म्हणाला, "लिफ्टमध्ये," आणि स्वतःच हसला. आणि सांगायला लागला. आधी तुटक तुटक, शब्द शोधत, मग सलग. ती कशी हसायची, दोघं कुठे फिरायला गेले होते, ती काय काय बोलायची आणि तो कसा नुसता "हं" म्हणायचा. ती जाण्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी त्याच्यासमोर येऊन बसायची, काही तरी बोल म्हणून. त्याला काय बोलावं तेच सुचायचं नाही. हे सांगतानाही तो थांबला नाही. मला त्यावर काही उपाय माहीत नव्हता आणि मी सुचवलाही नाही.

मध्ये दोनदा त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं बघितला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं तो काढून जमिनीवर ठेवला आणि बोलत राहिला. मी जागची हलले नाही. वाजणारा फोन मी आयुष्यात पहिल्यांदाच वाजू दिला.